संगमरवराला आकडा विचारण्याआधी

वडोदरा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

छोटा उदेपूर भागातल्या संगमरवरावर कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं काम करायचं ठरवलंस, छान केलंस. समस्थानिकांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, मास स्पेक्ट्रोमीटरवर, वेळ कधी मिळेल, असं विचारतेस. मिळेल गं. पण यंत्र कुठल्याही पुडीला आकडा देतं. त्या आकड्याला अर्थ आहे की नाही, हे आधी डोंगरावरच ठरतं.

संगमरवर म्हणजे मुळात समुद्रतळाचा चुनखडक किंवा त्याचा मॅग्नेशियमवाला भाऊ डोलोमाइट, उष्णतेनं आणि दाबानं नव्यानं स्फटिकलेला. तो साचला तेव्हा समुद्रात कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं जे प्रमाण होतं, ते त्यात उतरतं. सजीव हलका कार्बन-१२ जास्त घेतात, म्हणून सेंद्रिय गाळाचा आकडा, म्हणजे ठरलेल्या मानकाच्या तुलनेत कार्बन-१३ किती कमी-जास्त ते, दर हजारी उणे २५च्या आसपास येतो. भूगर्भातून वर येणारा कार्बन साधारण उणे ५, आणि समुद्री चुनखडक बहुतेक काळ शून्याजवळ. आता कागद घे आणि हिशेब मांड: गाळात गेलेल्या कार्बनपैकी पाचवा हिस्सा सेंद्रिय निघतो. अब्जावधी वर्षं हे प्रमाण फारसं हललेलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

हललं तेव्हा मात्र जोरात. सुमारे २२२ ते २०६ कोटी वर्षांपूर्वीचे कार्बोनेट खडक अधिक १०पर्यंत, कधी त्याहूनही वर जातात. झिंबाब्वेतल्या लोमागुंडीवरून या घटनेला नाव पडलं. अरवलीच्या काही डोलोमाइटांतही असे आकडे मिळाले आहेत. चुनखडक आणि सेंद्रिय गाळ यांतलं अंतर तेवढंच धरून तोच हिशेब लाव, सेंद्रिय हिस्सा निम्म्यावर किंवा त्याहूनही पुढे जातो. इतका सेंद्रिय कार्बन गाडला गेला, तर तेवढा ऑक्सिजन मोकळा झाला असणार. पण हे सगळ्या महासागराचं चित्र की फक्त उथळ किनाऱ्यांचं, यावर अजून भांडणं चालू आहेत. आत्ताच कुणाची बाजू घेऊ नकोस.

दगडातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या आकड्यावर मात्र जपून विश्वास ठेव. रूपांतराच्या वेळी खडकात फिरणारं गरम पाणी तो सहज बदलतं. त्या पाण्यात कार्बन थोडा आणि खडकात भरपूर, म्हणून कार्बनचा आकडा बराच टिकतो. अपवाद सिलिकाचा. क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, आणि चुनखडकाचं खनिज कॅल्साइट तापून वोलॅस्टोनाइट हे नवं खनिज झालं, की निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड जड कार्बन जास्त नेतो आणि मागे उरलेला दगड हलका होतो. तेव्हा अशाच अभिक्रियेतून होणाऱ्या ट्रेमोलाइट खनिजाच्या काड्या, शिरा, ग्रॅनाइटची कड, सगळं टाळ. शुद्ध पट्टेच घे.

आणि पांढरं दिसलं म्हणून संगमरवर म्हणू नकोस. तिकडेच कवांट तालुक्यात अंबाडुंगर आहे. तिथला कार्बोनेटाइट कॅल्साइटचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या रूपात खालून आलेला. समुद्राचा त्याच्याशी संबंध नाही. तिथलाही एक ताजा तुकडा तपासून बघ. भूगर्भाचा आकडा कसा असतो ते डोळ्यांसमोर राहील.

लक्ष्मीविलास राजवाड्यातले संगमरवरी पुतळे पाहून त्यांच्या खाणी शोधायचा मोह होईल. ग्रीक पुतळ्यांसाठी १९७२पासून हीच पद्धत वापरतात. ते पुढे कधीतरी.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दांडिया बाजारात घरी येऊन जा. माझं भिंग आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली ने. कॅल्साइट लगेच फसफसतो; डोलोमाइट मात्र आधी खरवडून पूड केल्याशिवाय नीट दाद देत नाही.

तुझा,
काका