नानी पालखीवाला एवढे मोठे वकील का मानले जातात?

तुम्ही लिहिलंय, की लॉच्या दुसऱ्या वर्षाला केशवानंद भारती खटला शिकवताना सरांनी "पालखीवालांनी घटना वाचवली" एवढं वाक्य टाकलं आणि पुढच्या धड्याला गेले. तर वाचवली म्हणजे नेमकं काय केलं, आणि हा माणूस एरवी कोण होता?

आधीच सांगतो, मी वकील नाही. आयुष्यभर इन्कम टॅक्सची कामं केली, त्यामुळे माझ्यासाठी पालखीवाला आधी करवाले आणि मग घटनावाले. १९८१ साली फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, लागलो. साहेबांच्या खुर्चीमागे काचेचं कपाट होतं, त्यात 'द लॉ अँड प्रॅक्टिस ऑफ इन्कम टॅक्स' हा ग्रंथ. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नसे, "कंगा-पालखीवालात बघ" म्हटलं की झालं. एकदा अपिलाच्या मसुद्यासाठी घसाऱ्यावरचा (यंत्रं-इमारती झिजतात त्याबद्दल करात मिळणाऱ्या वजावटीवरचा) मजकूर काढायला सांगितला. हाताला लागला तो ठोकळा काढला, दोन पानं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मोठ्या ऐटीत साहेबांपुढे ठेवली. त्यांनी पहिली ओळ वाचली, 'कलम १० (२) (सहा)' दिसलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा १९२२ चा कायदा. एकसष्ट साली तो गेला, घसारा आता बत्तीस कलमात आहे. तू कुठल्या साली अपील करणारेस?" कपाटात जुनी आवृत्तीही होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या चुकीत मी दोन पानं मन लावून वाचली होती, आणि एवढा रुक्ष विषय इतक्या स्वच्छ वाक्यांत लिहिता येतो हे तेव्हा कळलं.

त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५० ची. तेव्हा पालखीवाला तिशीचे होते. त्यांचे गुरू सर जमशेदजी कंगा त्या काळच्या मुंबईच्या वकीलवर्गातलं फार मोठं नाव, म्हणून मुखपृष्ठावर गुरूचं नाव आधी.

जन्म १६ जानेवारी १९२०, मुंबईत, मध्यमवर्गीय पारशी घरात. पूर्वज पालख्या बनवायचे म्हणून आडनाव पालखीवाला. लहानपणी बोलताना अडखळायचे, तोतरेपणा होता. पुढे ज्याच्या बोलण्यावर स्टेडियम भरत असे त्याच माणसाबद्दल मी हे सांगतोय. झेवियर्समधून इंग्रजी घेऊन एम. ए. झाले आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजीच्या व्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा मिळाली नाही. तोवर बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रवेश बंद झाले होते, म्हणून चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात गेले. ठरवून कोणी वकील झाला असं नाही. १९४४ च्या सुमारास कंगांच्या चेंबरमध्ये आले, आणि दहा वर्षांत सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या बार्न्स स्कूलच्या खटल्यात. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घ्यायचं नाही, असा मुंबई सरकारचा आदेश होता. तो टिकला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी १९६८ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी केंद्राचे कायदामंत्री गोविंद मेनन यांनी त्यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, होण्याची गळ घातली. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर दिल्लीत एका संध्याकाळी पालखीवाला हो म्हणाले. मग पहाटे तीनच्या सुमारास जाग आली आणि आपण चुकलो असं लख्ख वाटलं. सकाळी माफी मागून नकार कळवला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ती जाग आली नसती तर पुढच्या पाच वर्षांतले मोठे खटले त्यांना सरकारच्या बाजूने लढवावे लागले असते.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पालखीवालांनी त्याला आव्हान दिलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे जिंकलं. सरकारने चार दिवसांत नवा वटहुकूम काढून बँका पुन्हा ताब्यात घेतल्या. त्याच वर्षी डिसेंबरात संस्थानिकांच्या तनख्यांचा खटला जिंकला. पुढच्या वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती आली आणि तनखे गेले ते गेलेच. हे लक्षात ठेवा, कारण पुढेही असंच होणार आहे. या माणसाच्या मोठ्या खटल्यांतल्या अशिलांना शेवटी हवं ते मिळालेलं दिसत नाही.

एकाहत्तरची निवडणूक इंदिरा गांधींनी प्रचंड बहुमताने जिंकली आणि घटनादुरुस्त्यांचा सपाटा सुरू झाला. चोविसाव्या दुरुस्तीने सांगितलं, की संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते. पंचविसाव्या दुरुस्तीने मालमत्ता घेताना 'नुकसानभरपाई' द्यायची हा शब्द काढून 'रक्कम' घातला. एकोणतिसाव्या दुरुस्तीने केरळचे जमीन सुधारणा कायदे नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांच्या यादीत, टाकले. इथे केशवानंद भारती येतात. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे ते प्रमुख. मठाच्या जमिनी जात होत्या, म्हणून ते न्यायालयात गेले. लोकशाही वाचवायला ते निघालेले नव्हते.

तेरा न्यायाधीश, एवढं मोठं पीठ त्याआधी बसलं नव्हतं आणि नंतरही एवढ्या मोठ्या पीठाने निकाल दिलेला नाही. ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३, कामकाजाचे ६८ दिवस. समोर केंद्रातर्फे ॲटर्नी जनरल निरेन डे आणि केरळतर्फे एच. एम. सिरवई. सिरवई तेव्हा महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल (राज्य सरकारचे मुख्य वकील), आणि तेही कंगांच्याच चेंबरमधले. एकाच तालमीतले दोन मल्ल दिल्लीत समोरासमोर.

परीक्षेत इथेच मुलं घसरतात. पालखीवालांच्या दोन भूमिका होत्या. पहिली, १९६७ चा गोलकनाथ निकाल बरोबर आहे आणि संसद मूलभूत हक्कांना हात लावूच शकत नाही. दुसरी, ते मान्य नसेल तरी 'दुरुस्ती' या शब्दालाच मर्यादा आहे. घर दुरुस्त करायला दिलं म्हणून कंत्राटदाराला ते पाडता येत नाही (हा दाखला माझा, त्यांचा नव्हे). ही दुसरी कल्पनाही मुळात त्यांची नाही. डिट्रिश कॉनराड नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान देऊन हाच प्रश्न विचारला होता. हिटलरच्या आधीच्या जर्मनीची, वायमार प्रजासत्ताकाची, घटना कशी आतून पोखरली गेली हे जर्मनांनी भोगलेलं होतं. कल्पना कुठून आली याला वकिलीत महत्त्व नाही, ती कोणत्या दिवशी, कुणाच्या गळी आणि कशी उतरवली याला आहे.

२४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला. पहिली भूमिका हरली, गोलकनाथ मोडीत निघाला. दुसरी सात विरुद्ध सहाने टिकली. त्यातही सहा इकडे, सहा तिकडे आणि मध्ये न्यायमूर्ती हंसराज खन्ना. दुरुस्तीच्या अधिकाराला न लिहिलेल्या, गर्भित मर्यादा आहेत हा युक्तिवाद खन्नांनी नाकारला, पण दुरुस्तीनंतरही जुनी घटना ओळखू यायला हवी, तिची मूलभूत चौकट शाबूत राहायला हवी, असं म्हटलं. आणि त्याच खन्नांनी मालमत्तेचा हक्क त्या चौकटीत बसत नाही असंही सांगितलं! म्हणजे ज्यासाठी स्वामी न्यायालयात आले होते तेच बाहेर राहिलं. एकोणतिसावी दुरुस्ती वैध ठरली, मठाच्या जमिनी वाचल्या नाहीत. स्वामी आणि पालखीवाला यांची भेटही कधी झाली नाही म्हणतात. देशाच्या हाती मात्र एक हत्यार लागलं: घटनेची मूलभूत चौकट मोडणारी दुरुस्ती न्यायालय रद्द करू शकतं. 'घटना वाचवली' ती अशी.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ राय यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. हे तुम्हाला सरांनी शिकवलं असेलच.

मला जास्त रस आहे तो जून १९७५ मध्ये. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. अपिलात स्थगिती मिळवायला त्यांनी कुणाला बोलावलं? पालखीवालांना. ज्याने सरकारला बँकांपासून घटनेपर्यंत न्यायालयात अडवलं, त्यालाच. आणि ते गेले. पुष्कळांना हे आजही खटकतं. मला नाही खटकत. निवडणूक ज्या कारणांवरून रद्द झाली ती किरकोळ आहेत असं त्यांचं प्रामाणिक मत होतं, आणि वकिलाने अशिलाचं राजकारण बघून ब्रीफ (खटल्याचं काम) घ्यायचं ठरवलं तर कठीण आहे. २४ जूनला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधान राहा, सभागृहात बोला, पण मत देऊ नका. २५ च्या रात्री आणीबाणी लागली. पालखीवालांनी कागदपत्रं परत पाठवली. देशाच्या पंतप्रधानांचं ब्रीफ, तेही अर्ध्यावर आणि धरपकड चालू असताना परत करायचं. माझ्या लेखी सगळ्या कारकिर्दीत याहून धाडसाचं काम दुसरं नाही.

त्याच नोव्हेंबरात राय यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करायला पुन्हा तेरा जणांचं पीठ बसवलं. फेरविचाराचा अर्ज कुणी केला, असं पालखीवालांनी विचारलं. राय यांनी तमिळनाडूकडे बोट दाखवलं, तर तमिळनाडूचे ॲडव्होकेट जनरल म्हणाले, आम्ही नाही बुवा. तिसऱ्या दिवशी राय यांनी पीठ विसर्जित केलं. त्या पीठावर खन्नाही होते. त्या दिवशी पालखीवालांनी वक्तृत्वाची जी उंची गाठली तिच्या वर त्या न्यायालयात कोणी गेलं नाही, असं खन्नांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं. सेन्सॉरशिपचे दिवस होते. असा युक्तिवाद झाला आणि लोकांना पत्ताच नाही.

एक धागा मराठी माणसाने जरूर पकडावा. १९७३ च्या त्या सहा अल्पमतवाल्यांत दोघे आपले होते, न्या. पालेकर आणि पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड. सात वर्षांनी चंद्रचूड सरन्यायाधीश असताना पालखीवाला त्यांच्यापुढे सरकारने ताब्यात घेतलेल्या मिनर्व्हा मिल्स या गिरणीचा खटला घेऊन आले. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं करून ठेवलं होतं. चंद्रचूडांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि ते कलम मूलभूत चौकटीच्याच आधारे रद्द केलं: मर्यादित अधिकार वापरून स्वतःलाच अमर्याद अधिकार देता येत नाहीत. सिरवईंनीही आणीबाणी पाहिल्यावर आपलं मत बदललं आणि घटनेवरच्या आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत तसं छापलं. विरोधातले दोन मोहरे असे आपणहून इकडे आले. गिरणी? बंगळुरूची ती गिरणी मालकांना काही परत मिळाली नाही.

आता दुसरी बाजू. पालखीवाला भांडवलदारांचे वकील, असं समाजवादी मंडळी म्हणत. ते खोटं नव्हतं. बँका, राजेरजवाडे, मठ, गिरण्या, अशिलांची यादीच बघा. टाटांच्या कंपन्यांवर संचालक होते, एसीसी या सिमेंट कंपनीचे अध्यक्ष होते. जमीन सुधारणेला आड येणाऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि त्यात कुळांचं काय, हा प्रश्न त्यांना फारसा छळत असावा असं मला त्यांच्या लेखनात दिसलेलं नाही. मालमत्तेचा मूलभूत हक्क तर चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७८ मध्ये, जनता सरकारनेच काढून टाकला. त्याच सरकारने त्यांना राजदूत म्हणून अमेरिकेला पाठवलं होतं. काळाचा विनोद म्हणायचा.

बजेटच्या भाषणांबद्दल लिहिलं नाही तर माझे जुने सहकारी मला फाडून खातील. १९५८ मध्ये ग्रीन हॉटेलच्या छोट्या दालनात सुरू झालेली ती भाषणं पुढे ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेली. पंच्याऐंशी साली आम्ही ऑफिस लवकर बंद करून गेलो. मशीद बंदरचे व्यापारी, सीए, बँकेतले कारकून, नोटा मोजायची सवय असलेले आणि नसलेले सगळे एका ठिकाणी. लांबून दिसत होती ती फक्त एक किरकोळ देहाची आकृती. हातात कागद नाही. टक्के, कलमं, कोटींचे आकडे धडाधड येत होते आणि माझ्या शेजारचा माणूस वहीत उतरवता उतरवता मागे पडत होता. इंग्रजी त्याला अर्धंच कळत असावं. "कर किती लागणार ते उद्या पेपरात येईलच हो," तो म्हणाला, "हा माणूस आपल्या बाजूने ओरडतोय ना, ते ऐकायला आलो."

११ डिसेंबर २००२ ला ते मुंबईत गेले.

तुम्ही शेवटी विचारलंय की ७०३ पानी निकाल वाचायचा कसा. सगळा वाचू नका. अकरा वेगवेगळी निकालपत्रं आहेत, बुडून जाल. खन्नांचं वाचा, मग चंद्रचूडांचं १९७३ चं, आणि लगेच त्यांचंच १९८० चं. आणि पुढे कधी करात पडलात, तर कपाटातून कंगा-पालखीवाला काढताना आधी आवृत्ती बघा.