नव्या रेडिओ केंद्रातील कोलमडलेले वेळापत्रक आणि आपल्या मुलीची नोकरी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात नव्याने सुरू झालेल्या एका कम्युनिटी रेडिओ केंद्रात (स्थानिक समाजासाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रात) आपली मुलगी निर्मिती सहायक म्हणून रुजू झाली. परंतु दोन निवेदक सोडून गेल्यापासून सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ हे दोन्ही थेट कार्यक्रम तिच्याच गळ्यात पडले असून, उद्याचे वेळापत्रक रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर येते, असे आपण कळवले आहे. तिने नोकरी सोडावी का, असे आपण विचारता, आणि ‘मीच कमी पडते’ हे तिचे म्हणणेही लिहिता.

ती कमी पडत नाही, हे तिला प्रथम स्पष्ट सांगा. उसाच्या लागवडीवरील अर्ध्या तासाच्या मुलाखतीसाठी शेतकऱ्याची वेळ घेणे, शिवारात जाऊन ध्वनिमुद्रण करणे, वाऱ्याचा आवाज काढून संपादन करणे आणि क्यू शीट (कार्यक्रमात काय कधी वाजवायचे याचा क्रमवार कागद) लिहिणे यांत सहज एक दिवस जातो. तो दिवस तिला कोणी दिलेलाच नाही. कम्युनिटी रेडिओच्या धोरणानुसार किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावे लागतात. मात्र अनेक नवी केंद्रे प्रसारणाचे तास आधी ठरवतात आणि माणसे नंतर शोधतात. आकाशवाणीत प्रत्येक सभेचा, म्हणजे दिवसातील प्रत्येक प्रसारण सत्राचा, ड्युटी चार्ट असतो, आणि ऐनवेळी कोणी आले नाही तर नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांना बोलावता येते. तिच्या केंद्रात अशी पर्यायी व्यवस्थाच नाही आणि माझ्या मते मूळ दोष तोच आहे.

तरीही तिने रागाच्या भरात राजीनामा देऊ नये, असे मला मनापासून वाटते. केंद्रप्रमुखांना तिने लेखी प्रस्ताव द्यावा: थेट प्रसारण केवळ सकाळी असावे, संध्याकाळचे निवेदन दुपारीच ध्वनिमुद्रित करावे, रविवारी आठवड्यातील निवडक मुलाखतींचे पुनःप्रसारण करावे, पुढील आठवड्याचे वेळापत्रक शुक्रवारी हाती यावे. श्रोत्यांना ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम ऐकायला मिळणे हे दिवसभर थेट बोलत राहण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, हे केंद्रालाही पटण्यासारखे आहे. आठवड्याची एक सुट्टी मात्र तिने कोणत्याही कारणाने सोडू नये. आवाज बसला तर निवेदकाच्या हाती काहीच उरत नाही, आणि आपण पत्रात तिच्या घशाच्या त्रासाचा केलेला उल्लेख मला सर्वाधिक काळजीचा वाटतो; तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.

नव्या निवेदकाची नेमणूक कोणत्या तारखेपर्यंत होईल, हेही तिने लेखी विचारावे. तारीख मिळाली आणि पाळली गेली, तर तिथे राहण्यात तिचा फायदा आहे, कारण छोट्या केंद्रात निर्मितीपासून प्रसारणापर्यंतची सगळी कामे हातांखालून जातात. उत्तर टाळले गेले, किंवा तारीख एकदा पुढे ढकलून पुन्हा ढकलली गेली, तर नोटिशीचा कालावधी पाळून तिने बाहेर पडावे.

त्यापूर्वी एक काम लगेच करावे. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन केंद्रावर असते. त्यानंतर ते पुसले जाऊ शकतात. म्हणून केंद्राची परवानगी घेऊन तिने आपल्या उत्तम मुलाखतींच्या प्रती आताच स्वतःकडे घ्याव्यात आणि प्रत्येकीसोबत लेखन, संपादन, निवेदन यांपैकी काय स्वतः केले ते नोंदवावे. आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या आवाज चाचणीची जाहिरात निघेल तेव्हा, किंवा खासगी एफएम केंद्राकडे अर्ज करताना, हेच काम तिला दाखवता येईल.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक