पक्ष्यांची मराठी नावं अर्धीच गोष्ट सांगतात

पक्ष्यांच्या कोणत्या सवयी ऐकून विश्वासच बसत नाही, असं तुम्ही विचारलंय. या प्रश्नावर बहुतेक जण शहामृग, पेंग्विन नाहीतर हमिंगबर्डकडे वळतात. मी मात्र ज्यांची नावं आपल्या तोंडात रुळलेली आहेत अशांबद्दल लिहिणार आहे: खाटीक, कोतवाल, सुगरण. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी ते पक्षी मन लावून पाहिले होते, याबद्दल मला शंका नाही. पण नाव जिथे थांबतं, तिथून पुढची गोष्ट जास्त थक्क करणारी आहे.

खाटकापासून सुरुवात करतो. साधारण बुलबुलाएवढा पक्षी. चोच ससाण्यासारखी आकड्याची, पण पंजात ससाण्याची ताकद नाही. शिकार पायाखाली दाबून फाडता येत नाही, म्हणून तो ती काट्यावर खोचतो आणि मग ओढून तुकडे करतो. एका काटेरी झुडपावर मी असा खोचलेला टोळ अगदी हातभर अंतरावरून पाहिलाय. काटा मानेच्या मागून आरपार गेलेला आणि मागचे पाय अजून हलत होते. मी मागे सरल्यावर थोड्या वेळाने खाटीक आला, डोकं आणि पोट खाल्लं आणि पंख तिथेच काट्याला ठेवून उडून गेला.

नावात एवढंच आहे. आता पुढचं ऐका. उत्तर अमेरिकेतला एक खाटीक असा टोळ मारतो, जो खाल्ला तर इतर पक्ष्यांना आणि प्राण्यांना उलटी होते. खाटीक तो मारून काट्याला लावतो आणि लगेच खात नाही. एक-दोन दिवसांत टोळातलं विष निवतं, मग येऊन खातो. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात तर संशोधकांनी काही नर खाटकांचे काट्यांवरचे साठे काढून घेतले आणि काहींच्या साठ्यात भर घातली. ज्यांचा साठा गेला त्यांना जोडीदारीण मिळाली नाही. ज्यांचा वाढला त्यांना पिल्लंही जास्त झाली. म्हणजे ते काटेरी झुडूप हे त्याचं कोठार आहे, आणि मादी स्थळ पाहायला येते तेव्हा ती तेच पाहते.

कोतवालाचं नाव मला सगळ्यात आवडतं. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी घरट्याजवळ आलेल्या घारीवर, कावळ्यावर बेधडक तुटून पडतो. त्याच्या झाडावर हळद्या, बुलबुल, होले निर्धास्त घरटी करतात. कोतवाली चोख आहे! पण आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातला त्याचा चुलतभाऊ याच विश्वासावर पोट भरतो. तो मीरकॅटच्या (हे मुंगसाच्या कुळातले) किंवा आपल्या सातभाईंच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या टोळीमागे फिरतो. शिकारी पक्षी दिसला की खरा इशारा देतो, त्यामुळे टोळीलाही तो हवासा असतो. मग कुणाला तरी जमिनीतून मोठी अळी सापडते आणि आकाशात काहीही नसताना कोतवाल ओरडतो. सगळे बिळाकडे पळतात, अळी मागे पडते, कोतवाल ती उचलतो. त्याच्या दिवसभरच्या खाण्यापैकी सुमारे 23 टक्के खाणं असं चोरीचं असतं.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागाने. तेच ते खोटं पुन्हा पुन्हा ऐकून टोळी दुर्लक्ष करायला लागते. तेव्हा कोतवाल आपला आवाज बदलतो. दुसऱ्या पक्ष्याचा धोक्याचा इशारा, नाहीतर थेट मीरकॅटचाच आवाज काढतो, आणि टोळी पुन्हा पळते. समोरचा विश्वास ठेवत नाही हे कळणं आणि त्यावर उपाय काढणं, हे एवढ्याशा मेंदूला जमतं. हे पहिल्यांदा वाचल्यापासून कोतवालाचा कुठलाही आवाज मी थांबून ऐकतो.

सुगरणीबद्दल थोडक्यात. नाव बाईचं, पण विणकाम सगळं नराचं. पात्याच्या बुडाशी चोचीने चीर पाडायची, ती कड धरून वर उडायचं, आणि लांबलचक धागा निघतो. तो घरटं अर्धं विणतो, शिरस्त्राणाच्या आकाराएवढंच, आणि मग थांबतो. माद्या येऊन आत शिरतात, लोंबकळून पाहतात. पसंत पडलं तरच तो खालची नळी पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो. (कोकिळेचंही तसंच. कुहू करणारा काळा पक्षी नर असतो. मादी तपकिरी, ठिपक्यांची.)

शेवटी असा एक पक्षी, ज्याच्या नावातून त्याची गोष्ट अजिबात कळत नाही. कमळपक्षी म्हटलं की डोळ्यांसमोर तळं, पानं, नाजूक चाल येते. लांबलचक बोटांमुळे तो तरंगत्या पानांवर न बुडता चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण यांच्यात मादी आकाराने मोठी असते, इलाख्यासाठी तीच भांडते आणि एका हंगामात अनेक नरांसाठी अंडी घालते. एका नराच्या घरट्यात अंडी घातली की पुढे उबवणं, पिल्लं सांभाळणं हे काम बापाचं.

एका सकाळी तळ्याच्या काठावर बसून मी दुर्बिणीतून कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर पाहत होतो. दोन पिल्लं त्याच्यापासून जरा लांब, एका पानाच्या कडेशी टोचत होती. वर घार फिरायला लागली. नराने बारीक आवाज काढला, पिल्लं धावत आली, तो गुडघे टेकल्यासारखा खाली वाकला आणि पंख अंगापासून जरासे सुटे केले. पिल्लं एकेका बाजूने आत शिरली. पंख मिटून तो उठला आणि काहीच घडलं नाही अशा चालीने दाट पानांकडे निघाला. पिल्लं कुठेच दिसत नव्हती. पंखांखालून फक्त चार बारीक पाय लोंबत होते, त्यांची ती लांबलचक बोटं पाण्याला अधूनमधून टेकत होती.