पेपरक्लिप लावली की एसएमपीएसचा पंखा फिरतो, पण कॉम्प्युटर दोन सेकंदांत बंद पडतो. मग मदरबोर्डच गेला का?

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, हिरव्या-काळ्या तारांत पेपरक्लिप लावली, पंखा फिरवून दाखवला आणि मदरबोर्ड बदला म्हणाला. बदलू नका, निदान व्होल्ट मोजायचा मीटर लावल्याशिवाय तरी नको. अशाच एका फिरणाऱ्या पंख्यापायी माझे ४,२०० रुपये गेले आणि घरात एक वाद तीन वर्षं चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

देवगड तालुक्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, आणि श्रावण लागला की गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. त्या वर्षी ऐन श्रावणात मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी बटण दाबलं की पंखा उचलायचा आणि थांबायचा. पाच-सहा वेळा दाबल्यावर एकदाचं चालू व्हायचं, आणि मग रात्री आठपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही. आमच्याकडे विजांचा त्रास असल्यामुळे रात्री मी भिंतीवरचा प्लगच काढून ठेवते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे धाकटे दीर मुंबईत नेटवर्किंगचं काम करतात. गणपतीसाठी ते आठवडाभर आधीच आले होते. त्यांनी दुपारी बाराला दुकानात येऊन एसएमपीएस सोडवला, हिरवी तार काळीला जोडली, पंखा फिरला. "वैनी, पंखो फिरता हा मा? मगे एसएमपीएस बरो आसा." मी म्हटलं, भावजी, सकाळी येऊन बघा, दुपारी हा कधीच अडत नाही. ते म्हणाले, दमट हवेने बोर्ड गेला. त्यांचं शिक्षण त्यातलं, मी गप्प बसले. कणकवलीहून दुसरा, वापरलेला बोर्ड आणून बसवला. लगेच चालू झालं. चौथ्या सकाळी पुन्हा तेच. या घोळात एका मंडळाची पावतीपुस्तकं वेळेत झाली नाहीत. ते मंडळ पुढच्या वर्षी माझ्याकडे आलं नाही, त्याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मग मी ३५० रुपयांचा मीटर आणला आणि रोज रात्री थोडं थोडं वाचत गेले.

बटण दाबलं की बोर्ड फक्त हिरवी तार काळीला टेकवतो. पेपरक्लिपही तेवढंच करते. पण बटण दाबलेलं कळायला बोर्ड आधी जागा असावा लागतो, आणि त्याला जागं ठेवते ती जांभळी तार. प्लग चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असतानाही, तिच्यावर ५ व्होल्ट असतात. म्हणजे त्या भागातले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग) कायम कामावर, कायम गरम, आणि पुष्कळदा पहिल्यांदा सुकतात तेच. सुकलेला कपॅसिटर गार असताना सगळ्यात वाईट वागतो, ऊब धरली की बऱ्यापैकी चालतो. रात्रभर प्लग काढलेला, म्हणून माझ्याकडे सकाळी तो पूर्ण गार: साडेआठला जांभळ्या तारेवर ४.३ व्होल्ट आले. अकरा वाजता त्याच तारेवर ४.९. चालतं ४.७५ ते ५.२५. भावजींनी तपासलं ते दुपारी, तीन तास तापलेल्या एसएमपीएसवर, आणि तेही लोड नसताना. १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवरही फिरतो, त्याच्या फिरण्यावरून काय ठरवणार?

नवीन एसएमपीएस बसवला, जुना "गेलेला" बोर्ड परत लावला. तो आजही चालतो आहे. भावजी अजून म्हणतात की बोर्ड काढून-घालून कनेक्टर साफ झाले म्हणून चालला. मग कणकवलीहून आणलेला बोर्ड चौथ्या दिवशी का अडला, याचं उत्तर त्यांनी एकदाही दिलेलं नाही.

तर तुमचं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला, लाल पिन मदरबोर्डला लावलेल्या २४ पिनी कनेक्टरच्या मागून जांभळ्या तारेच्या खाचेत. मग मशीन चालू करताना पिवळ्या, १२ व्होल्टच्या तारेवर बघा: ११.४ च्या खाली यायला नको. लाल तार जांभळीसारखीच, ५ ची. करडी तार, जिच्यावरून एसएमपीएस बोर्डाला 'वीज ठीक आहे' कळवतो, चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदात ५ च्या आसपास जायला हवी. ती गेली नाही तर बोर्ड सुरूच होणार नाही, आणि दोष बोर्डावर जाईल. जांभळी ठीक असून दोन सेकंदांत बंद पडत असेल तर हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, पुढचे यूएसबी असं एकेक सोडवत जा. कुठेतरी शॉर्ट असेल तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो, तो त्याचा दोष नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असतील तर आधी अर्थिंग. ते नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर शंभरेक व्होल्ट दिसतात. आमच्या जांभ्या कातळात रॉड खोल जात नाही आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतावं लागतं. वायरमन आला की हे त्याला आपणहून विचारा, तो सांगत नाही.

आता राहिलेलं. मीटरला व्होल्टेजमधली बारीक थरथर दिसत नाही, त्यामुळे सगळे आकडे बरोबर येऊनही एसएमपीएस खराब असू शकतो. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघणं हीच खरी परीक्षा. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये कनेक्टर वेगळे असतात आणि काही एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या येतात, तिथे रंगावर जाऊ नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका, आत ३०० च्या वर डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. खारी हवा पिना खाते हेही खरं आहे, भावजींचं तेवढं मी मान्य करते.

जांभळ्या तारेचं रीडिंग सकाळी घ्या, रात्रभर प्लग काढून ठेवून, सकाळी तो लावल्यावर, पहिलं बटण दाबायच्या आधी. दुपारचं नको. आकडा इथे लिहा.