जांभा, चिरा आणि तो 'लाव्हा दगड'

बेळगावकडच्या खानापूरहून विचारणा आलीय : जांभा आणि चिरा एकच का? नाही. जांभा हा खडक, आणि खाणीतून चिरून काढलेला त्याचा ठोकळा म्हणजे चिरा. मल्याळीतही त्याला वेट्टुकल्ल म्हणतात, म्हणजे कापलेला दगडच.

माझं दुखणं निराळंच आहे. हल्ली बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी-चोर्ल्याकडं फिरायला येणारा जो तो जांभ्याला 'लाव्हा दगड' म्हणतो. जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटेराइट. लॅटेराइट आणि लाव्हा, नुसता आवाज जुळला म्हणून! लाव्हाचा दगड म्हणजे आपला काळा कातळ. जांभा तयार होतो तो खडक कुजून. उष्ण, पावसाळी हवेत सिलिका पाण्याबरोबर निघून जाते; लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहतं. दक्षिणेच्या पठारावरच्या अशा थरांतल्या मँगनीज खनिजांची वयं फ्रेंच संशोधकांनी आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे खनिजात साठलेला आर्गॉन वायू मोजून काढली. जुन्यात जुनी निघाली सुमारे ५.३ कोटी वर्षांची. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटींच्या आसपासचा. म्हणजे जांभा ही त्यानंतरच्या ओल्या, उष्ण हवेची नोंद आहे. आणि केरळात अंगाडिपुरमला तर खाली लाव्हा नाहीच, तरी जांभा आहे. आता बोला!

खरी गंमत नावात आहे. १८०७ च्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं हे लॅटेराइट नाव दिलं, लॅटिन 'लेटर' म्हणजे वीट यावरून. त्याची मोठी प्रतिभा म्हणून हे सांगितलं जातं. पण स्थानिक भाषांत याला 'विटेचा दगड' म्हणतात, हे त्यानंच तिथं नोंदवलंय! साहेबानं भाषांतर केलं, बारसं आधीच झालं होतं. आपल्या शेजारची कन्नड बघा : जंबिट्टिगे. त्यातलं इट्टिगे म्हणजे वीट. संस्कृत इष्टकेतून कन्नडची इट्टिगे आली, मराठीची वीटही तिथूनच. खाणीतून ताजा निघालेला चिरा हातात घ्या : नखानं ओरखडा उठतो, बोटं तांबडी होतात. उन्हावाऱ्यात पडला की तोच घट्ट होतो. विटेखेरीज दुसरं काय म्हणणार?

जांभा शब्द जांभळापासून आला, रंगावरून, असं कोशवाले सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. जांभळ्या रंगाचा चिरा कुणी पाहिलाय? तो विटकरी असतो, मधेमधे पिवळट. माझं मत असं की जंबिट्टिगेतला पहिला तुकडा 'जंबु' घाटावरून मराठीत उतरला आणि वीट गळून पडली. चिरेकामाला दोन्ही भाषांचे गवंडी एकत्र राबत आले. शब्द तिथंच बदलतात, कोशात नव्हे. जांबोटीचं नावही मी जांभळाच्या झाडाकडं न्यायच्या आधी दगडाकडं नेईन. कुणाच्या घरी बांधकामखर्चाच्या जुन्या मोडी वह्या असतील तर त्यात 'जांब' किंवा 'जंबिटगी' असं काही सापडतं का बघा, आणि कळवा.