भाऊ म्हणतो, "ताई, फक्त सही कर"

प्रश्न: ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातली, वय 54. माझं लग्न 1991 ला झालं, वडील 2003 ला गेले. गावाकडं वडिलोपार्जित अडीच एकर आहे, वाटणी कधीच झाली नाही, आई आहे, दोन भाऊ आणि मी. या दिवाळीला धाकटा भाऊ फराळाचा डबा घेऊन आला आणि त्याच पिशवीतून कागद काढले, हक्कसोडपत्र. म्हणाला ताई फक्त सही कर, तुझ्या लग्नात केलंच की सगळं, आणि तसाही तुझा हक्क नाही, तुझं लग्न 94 च्या आधीचं. मी म्हटलं चष्मा सापडत नाहीये. चष्मा गळ्यातच होता. खरंच माझा हक्क नाही का? आणि मागितला तर माहेर तुटेल का?

उत्तर: सही केली नाहीत हे फार बरं केलंत. माझ्या आत्यानं वडिलांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत अंगठा दिला होता आणि शाई पदराला पुसली होती, तो निळा डाग मला अजून दिसतो, म्हणून तुमचं पत्र वाचताना हात थरथरला.

94 चं म्हणाल तर भाऊ अगदीच हवेतलं बोलत नाहीये. महाराष्ट्रानं 1994 ला स्वतःचा कायदा करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. ते आता जुनं झालं. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायदाच बदलला, त्यात लग्नाची अट नाही, मग वडील त्या दिवशी हयात पाहिजेत का यावर कोर्टात वर्षानुवर्षं उलटसुलट निकाल लागत राहिले आणि शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील तेव्हा असोत नसोत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असता तर गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडं वाटणीच झालेली नाही. म्हणजे तुमचा हिस्सा आहे. आईचाही आहे, तिला कुणी विचारलंय का?

लग्नात दिलं ते दिलं, कायदा त्याला हिस्सा म्हणत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हो. केरळात मेरी रॉय या सिरियन ख्रिश्चन समाजातल्या बाईंना जुन्या त्रावणकोर संस्थानच्या कायद्यानं सांगितलं होतं की मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा 5000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. त्या सख्ख्या भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि 1986 ला जिंकल्या, त्यांच्यामुळं तिथल्या सगळ्या सिरियन ख्रिश्चन लेकींना समान वाटा मिळाला. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर विधवा आणि पोरी शेतं कसत होत्या पण जमीन नावावर येत नव्हती, तिथं 1999 ला कायदा करून मुलींना मुलांच्या बरोबरीनं वारसा दिला. आपल्या देशात 2015-16 च्या कृषी गणनेत शंभर खातेदारांमागं बायका जेमतेम चौदा, आणि खुरपणीला बघा कोण असतं ते!

माहेर तुटेल का, याचं खात्रीचं उत्तर मी देऊ शकत नाही, काही घरांत तुटतं. पण तुम्ही भावाच्या ताटातलं काढून घेत नाही आहात, तुमच्याच नावचं मागताय, हे मनात पक्कं असू द्या. भावाला फोनवर नको, आईसमोर बसून सांगा. जमीन कसायला त्याच्याकडंच ठेवायची असेल तर तसं बोला, पण नाव राहू दे. पुढं हिस्सा मनापासून सोडावासा वाटला तर तोही तुमचाच निर्णय, फक्त तो फराळाच्या डब्याशेजारी घाईत होऊ नये.

आधी ऑनलाइन सातबारा काढा आणि तुमचं नाव खातेदारात आहे की नुसतं 'इतर हक्क' या रकान्यात टाकलंय ते बघा, बहिणींची नावं तिथंच टाकून ठेवायची जुनी खोड आहे. नसेलच तर तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या. वकिलाच्या फीची काळजी नको, तालुका विधी सेवा समितीकडं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस आली तर हरकतीला 15 दिवस असतात, लेखी द्या, पोच घ्या, नोटिशीचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा.