बेडकाच्या कातडीतल्या पेप्टाइडने रेझिस्टंट इन्फेक्शन बरं होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील आयसीयूत आहेत, कल्चर रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला हा जिवाणू आलाय, जवळजवळ प्रत्येक अँटिबायोटिकपुढे 'रेझिस्टंट' छापलंय आणि काल कोलिस्टिन सुरू केलं. ते जुनं औषध असल्याचं कळल्यावर तुम्ही बेडकांच्या कातडीतल्या पेप्टाइडबद्दल, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीबद्दल, वाचलंत आणि ते कुठून मागवता येईल असं विचारताय. मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अशा पेप्टाइडवर काम केलंय, तेवढ्या आधारावर लिहिते.

आधी हे ऐका: कोलिस्टिन हेच मुळात एक पेप्टाइड आहे. मातीत सापडणारा एक जिवाणू ते तयार करतो. १९५९ पासून ते वापरात आलं, मूत्रपिंडांना इजा होते म्हणून मागे पडलं आणि बाकीची औषधं हरायला लागल्यावर पुन्हा बाहेर काढावं लागलं. तुम्ही जे शोधताय त्याच कुळातलं औषध वडिलांच्या शिरेतून आधीच जातंय.

बेडकाची गोष्ट खरी आहे. मायकल झास्लॉफ हे संशोधक आपल्या कामासाठी आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकांवर शस्त्रक्रिया करून, टाके घालून त्यांना पुन्हा टाकीत सोडत. पाणी जंतूंनी भरलेलं, तरी जखमा चिघळत नव्हत्या. हे कसं, म्हणून त्यांनी कातडी तपासली आणि १९८७ मध्ये २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडं जाहीर केली. हिब्रूतल्या 'ढाल' या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलं मॅगेनिन. आपल्याही त्वचेत आणि पांढऱ्या पेशींत अशी पेप्टाइडं असतात.

जिवाणूच्या आवरणावर ऋणभार जास्त असतो आणि या पेप्टाइडवर धनभार, त्यामुळे ती तिथे चिकटतात, आत घुसतात आणि आवरण गळू लागतं. आपल्या पेशींची बाहेरची बाजू विद्युतदृष्ट्या जवळजवळ तटस्थ, शिवाय कोलेस्टेरॉलने घट्ट. म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात.

बऱ्याच अंशी, पूर्ण नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. आमचं एक पेप्टाइड साध्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या द्रवात) तासाभरात जिवाणूंचा फडशा पाडायचं. त्याच नळीत रक्तद्रव मिसळला आणि सकाळी पाहिलं तर नळी गढूळ, जिवाणू मजेत वाढलेले. रक्तातली प्रथिनं पेप्टाइडला धरून ठेवतात, एन्झाइम त्याचे तुकडे करतात. मात्रा वाढवली तर लाल रक्तपेशी फुटायला लागल्या. आम्ही खूप आशेने ते घडवलं होतं; ती सकाळ अजून विसरले नाही.

मोठ्या औषधांचंही असंच झालं. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगनान हे मधुमेही पायांच्या जखमांवर लावायचं मलम होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला मंजुरी दिली नाही. स्यूडोमोनास या जिवाणूविरुद्ध तयार केलेल्या मुरेपाव्हाडिनच्या शिरेतून देण्याच्या चाचण्या २०१९ मध्ये मूत्रपिंडांच्या त्रासामुळे थांबवल्या. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूवरच्या झोसुराबाल्पिनची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, मला त्याच्याकडून खरोखर अपेक्षा आहेत, पण क्लेब्सिएला हे त्याचं लक्ष्यच नाही.

'जिवाणूंना पेप्टाइडविरुद्ध प्रतिकार कमावता येत नाही' हे जे तुम्ही वाचलंत, ते चूक आहे. जिवाणू आपल्या आवरणावरचा ऋणभारच कमी करतात, मग पेप्टाइड चिकटणार कशाला? कोलिस्टिनविरुद्ध प्रतिकार देणारं एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

म्हणून बाहेरून, इंटरनेटवरून 'पेप्टाइड' म्हणून मिळणारी कुठलीही कुपी कृपा करून मागवू नका. ती संशोधनासाठी बनवलेली असते, माणसाच्या शिरेत टोचण्यासाठी नाही. त्याऐवजी उद्याच्या राउंडला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन रोज बघताय का? कोलिस्टिनची संवेदनशीलता ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घालून) तपासली का, कारण औषधाची चकती ठेवून करायची डिस्क पद्धत या औषधासाठी भरवशाची नाही. आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमसारखं नवं औषध या जिवाणूवर चालतंय का, हे तपासलंय का? रिपोर्टमधली औषधांची नावं इथे लिहिलीत, तर कशाचा अर्थ काय ते मी समजावून सांगेन.